विद्यापीठातले पंधरवड्याचे कार्यक्रम: आपल्याकडून कोण जाणार, अन् रात्री परत कसं येणार?

काठावरचं_ग्रंथालय | ४ जानेवारी, रात्री ९:१२

राम राम मंडळी.

परवा वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर आमच्या गावच्या एका पोरीने विद्यापीठाचं पत्रक टाकलं. ती तिथे एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषेचा पंधरवडा, त्यालाच जोडून इतिहास विभागाचे आणि ललित कलांचे कार्यक्रम. पत्रक तीन पानी. पहिली दोन पानं उद्घाटक, प्रमुख अतिथी, विशेष उपस्थिती, प्रेरणा आणि मार्गदर्शन यांच्या नावांनी भरलेली. खरे कार्यक्रम तिसऱ्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. फोन मोठा करून करून मी ते वहीत उतरवले.

लीळाचरित्र आणि रिद्धपूर यावर दोन व्याख्यानं आहेत. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांची तीन दिवसांची कार्यशाळा आहे. एका रविवारी शिळावर्तुळं, म्हणजे जुन्या काळच्या दफनांची दगडी कडी, पाहायला सहल. गोंडी, कोलामी, कोरकूतल्या म्हणी मराठीत आणायची एक कार्यशाळा. युवा महोत्सवात गाजलेल्या तीन एकांकिका, एकाच संध्याकाळी. ग्रामगीतेवर परिसंवाद. शेवटी कविसंमेलन, त्याबद्दल मी काही बोलत नाही. एकांकिका सोडल्या तर वेळ बहुतेक अकरा ते पाच. सगळं 'सर्वांसाठी खुले', पैसे नाहीत.

विद्यापीठाचं नाव देत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. आमचं गाव वर्धा नदीच्या काठावर, एवढं पुरे. नदीच्या अलीकडे एक विद्यापीठ, पलीकडे दुसरं, खाली उतरत गेलं की तिसरं. कोणतं ते तुम्ही ओळखत बसा.

तर कुरकुर. 'खुले' म्हणजे दार उघडं आहे, इतकंच. दारापर्यंत आमची पहिली एसटी साडेनऊला पोचवते, ते ठीक. परतीची मुक्कामी गाडी पावणेसहाला सुटते. एकांकिका सहाला सुरू होणार. म्हणजे ज्या एका कार्यक्रमाला गावातली तरणी पोरं हौसेने आली असती, नेमका तोच आमच्यासाठी बंद. त्यात हे दिवस कसे? कापसाची शेवटची वेचणी, तूर सोंगायला आलेली, हरभऱ्याला पाणी, आणि मोटारीची वीज कधी रात्री तर कधी दिवसा. माझं वाचनालय 'ड' वर्गाचं. अनुदानातून गाडी करायची म्हटली तर चाकंच येतील.

तरी नऊ जण तयार आहेत. कोणता कार्यक्रम धरावा, कोणता सोडावा? जाऊन आलेल्यांनी सांगा.

---

तुरीच्या_शेंगा | ४ जानेवारी, रात्री ९:४०

लायब्ररीवाले भाऊ, मी गेलो होतो मागच्या साली अशाच एका कार्यक्रमाले. विद्यापीठ कोनतं ते मीबी नाई सांगत.

अकराचा टाइम होता. उद्घाटक आले साडेबाराले. मंग दीपप्रज्वलन. खिडकीतून वारा येऊन रायला होता, पाच वाती लावता लावता अर्धी काड्यापेटी सरली, पन खिडकी लावाचं कोनाच्या डोक्यात आलं नाई. मंग सत्कार. पयले शाल-नारळ देत, आता रोपटं देतेत. सतरा रोपटे मोजले मी. खरा वक्ता उभा रायला तवा अडीच वाजले होते, अन् मांगून एक सर त्याईले चिठ्ठी देऊन रायले, जेवन थंडं होते म्हून.

मानूस लय अभ्यासू होता राजेहो. दहा मिन्टं बोलला. आपल्या शेतातल्या धुऱ्याइचे, नाल्याइचे नावं कुठून आले ते सांगत होता. ते दहा मिन्टं मले आज बी याद हायेत.

म्हून म्हनतो, जा. पन साडेबाराले पोचा.

---

निंबोणी | ४ जानेवारी, रात्री ९:५१

सतरा रोपटी! 😀 जगली किती?

---

तुरीच्या_शेंगा | ४ जानेवारी, रात्री ९:५५

एक माह्या घरी हाये. पाहुना खुर्चीखालीच इसरून गेला होता. पेरू निंगाला.

---

तासिका_तत्त्व | ४ जानेवारी, रात्री ११:२०

मी अशाच एका विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो. विद्यापीठ तुमचं नव्हे, पण गोष्ट सगळीकडे सारखीच. तुरीच्या शेंगांनी लिहिलं त्यातला एक शब्दही खोटा नाही. त्या चिठ्ठ्या मीही दिल्या आहेत.

अकरा ते पाच का, ते सांगतो. आमची निम्मी पोरं अपडाउन करणारी. तुमच्याच एसटीने येतात आणि तुमच्याच एसटीने परत जातात. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक ठरल्या वेळी लागतं. सभागृहाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे, त्या शिपाईदादांनाही घर आहे. निधी येतो उशिरा आणि मार्चच्या आत खर्चाचा हिशोब द्यायचा असतो, म्हणून जून ते डिसेंबर शुकशुकाट आणि जानेवारीत रोज मांडव. यात कोणाचा दुष्टावा नाही, पण शेतकऱ्याचं वर्ष कोणी समोर ठेवलेलं नसतं हेही खरं.

दुसरं, सभागृहात साठ माणसं बसलेली असतात आणि प्रमाणपत्रासाठी क्यूआर कोडवर दोनशे नावं येतात. त्यामुळे गावाहून नऊ माणसं नुसती ऐकायला येतात म्हटल्यावर विभागप्रमुख तुम्हाला डोक्यावर घेतील. फक्त आधी फोन करा. न सांगता गेलात तर मागच्या रांगेत बसाल. सांगून गेलात तर वक्त्याशी चहा घ्याल, आणि अहवालात 'ग्रामीण सहभाग' म्हणून तुमचा फोटोही लागेल. तेवढं सहन करा.

माझं मत विचाराल तर लीळाचरित्राचं व्याख्यान सोडू नका. एकांकिकाही पाहाच, त्या पोरांनी जीव ओतलेला असतो. युवा महोत्सवाच्या नियमात एकांकिकेला ३० मिनिटं मिळतात, त्यामुळे तिन्ही मिळून आठपर्यंत आटोपतं.

अवांतर: १४ जानेवारी ही तारीख विदर्भात आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९२३ साली याच दिवशी अमरावतीला विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. तेव्हा तिळगूळ दोनदा खायला हरकत नाही.

---

मोर्शीची_संत्री | ५ जानेवारी, सकाळी ७:०५

माझं माहेर मोर्शी तालुक्यातलं, म्हणजे रिद्धपूर अंगणातलंच. आजी दर्शनाला जायची, आम्ही पेढ्यासाठी मागे. तिथे मराठीचं एवढं मोठं काही घडलं आहे हे मला बी.ए.ला कळलं. शाळेत एक ओळ होती, 'मराठीतला आद्य ग्रंथ', ती पाठ करून दोन गुण घेतले आणि मोकळी झाले.

व्याख्यानाला जाणाऱ्यांसाठी थोडं आधी सांगून ठेवते, म्हणजे तिथे अनोळखी वाटणार नाही. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपूरला राहायचे. वेड्यासारखे हिंडायचे, पोरांत खेळायचे, कुणाच्याही घरात शिरून शिजलेलं खायचे. स्वामी गेल्यावर शिष्य त्यांच्याभोवती जमले. त्यांतल्या म्हाइंभटांनी ठरवलं की ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांच्याकडून एकेक आठवण गोळा करायची. साल साधारण १२७८. गावोगाव जायचं, कुणी शेतात असेल तर शेतात, विचारायचं आणि लिहून घ्यायचं. दोघांनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली तर दोन्ही ठेवायच्या. मग पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घ्यायचं. तेच लीळाचरित्र. आज विद्यापीठात ज्याला क्षेत्रकार्य म्हणतात आणि ज्याच्यासाठी पीएचडीची पोरं भत्त्याचा अर्ज भरतात, ते या माणसाने साडेसातशे वर्षांपूर्वी पायी केलं.

आणि महदंबा. त्यांना महदाइसाही म्हणतात. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला होता, त्यात त्यांनी धवळे गायले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. मराठीची आद्य कवयित्री म्हणून नाव घेतात ते त्यांचंच. आपल्याकडे हळदीला बाया बसल्या की जे सुरू होतं ना, त्याच जातीचं हे. म्हणून ग्रंथालयवाल्या दादांना विनंती, नऊ जणांत बाया किती ते आधी सांगा.

महानुभावांनी पुढे पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या, सकळ लिपी त्यातली मुख्य. पोथी त्यामुळे सांभाळली गेली, पण बाहेरच्या माणसाला शेकडो वर्षं वाचता आली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आता मराठी भाषेचं विद्यापीठ रिद्धपूरलाच झालं, तेव्हा आजी असायला हवी होती. तिला त्यातलं फक्त 'रिद्धपूरला' एवढंच कळलं असतं आणि तेवढं पुरलं असतं.

---

काठावरचं_ग्रंथालय | ५ जानेवारी, सकाळी ७:४८

ताई, बरोबर पकडलंत. नऊही पुरुष आहेत. लाज वाटली. आजच विचारतो.

---

वडस्याची_गाडी | ५ जानेवारी, दुपारी १:३०

दंडारीची कार्यशाळा अकरा ते पाच वाचून आधी हसू आलं. मग म्हटलं, नाही, दंडार त्या वेळेत बसते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दंडार तिथे दुपारीच उभी राहते. भर उन्हात, धुळीत, चकल्या-जिलेबीच्या दुकानांमधोमध. खडी गंमत मात्र रातचीच. ती दिवसा करायची म्हणजे लग्न लावून वरात नाही काढली असं होईल.

आता खरी अडचण ऐका. जानेवारी हा झाडीपट्टीच्या नाटकांचा भर हंगाम आहे. भाऊबीजेपासून होळीपर्यंत वडस्याची नाटक मंडळं एक रात्र रिकामी नसतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो, सकाळी कोंबडं आरवल्यावर पडतो. नाटकवाला घरी येऊन झोपतो सहाला. त्याला तुम्ही अकरा वाजता प्रोजेक्टरसमोर उभं करणार? म्हणून अशा कार्यशाळेत होते काय, ज्याला हंगामात काम नाही तो येतो, किंवा ज्याने दंडारीवर प्रबंध लिहिला तो येतो. प्रबंधवाल्यांबद्दल राग नाही. पण ढोलकी कोण वाजवणार?

आमच्या झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा बाहेरच्यांनी विचारलं, हे झाडीपट्टी म्हणजे काय प्रकरण? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, धानाचा मुलूख. शंकरपट असला की त्या गावात रात्री नाटक ठरलेलंच. २०१४ ला बैलांच्या शर्यती बंद झाल्या तेव्हा आमच्याकडे नुसते पट नाही थांबले, नाटकांनाही झळ लागली. २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने शर्यतींचा कायदा उचलून धरला तेव्हा बैलवाल्यांइतकेच आर्गनवाले खूश होते.

नाटक असलं की गावात घरोघर पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, सोयरीक जुळते. मांडवात खाली बसायचं, शाल पांघरून. स्टेजसमोर आर्गन-तबलावाले, पडद्याआड प्रॉम्प्टर. तालमीला वेळ नसतो, म्हणून तो प्रॉम्प्टर म्हणजे अर्धं नाटक. मधे पोरगा झोपला तर झोपू द्यायचा, गाणं आलं की उठवायचा. तीस मिनिटांत आमची नांदी होते हो सर.

म्हणून सांगतो, उलटं करा. विद्यापीठानेच बस काढावी अन् एक रात्र इकडे यावं. गादी-चादर आमची.

---

निंबोणी | ५ जानेवारी, दुपारी १:४४

+१. वाचनखूण साठवली.

---

धुऱ्यावरचा_दगड | ५ जानेवारी, रात्री ८:१५

शिळावर्तुळांच्या सहलीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. रविवार आहे, गाडी विद्यापीठाची, दिवसाउजेडी परत. माझ्या मते सगळ्यात सोयीचा कार्यक्रम हाच.

ही वर्तुळं म्हणजे लोहयुगातल्या माणसांची दफनं, इसवी सनाच्या आधीच्या हजार वर्षांतली. मोठमोठ्या धोंड्यांचं गोल कडं आणि आत दगडगोट्यांचा भराव. नागपूरजवळ जुनापाणीला अशी सुमारे ३०० आहेत. माहूरझरीच्या वर्तुळांत माणसाबरोबर पुरलेला घोडा निघाला, तांब्याच्या दागिन्यांसकट. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली.

आता माझी गोष्ट. आमच्या वावरात असं एक कडं होतं. वखर अडायचा. बाबांनी आणि मी, दोघांनी मिळून पहारीने एकेक धोंडा उलथवला आणि लोटत लोटत धुऱ्यावर नेऊन बांध घातला. मी तेव्हा नववीत. चांगला बांध झाला, अजून टिकून आहे. पाचेक वर्षांनी विद्यापीठाची दोन पोरं आणि एक मॅडम टेप घेऊन आल्या. शेजारच्या वावरातलं कडं मोजत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडेही होतं. मॅडम बांधापाशी गेल्या, दगडांवरून हात फिरवला, काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, मधे माती कोणत्या रंगाची निघाली? मला आठवेना. खापरं होती? होती बहुतेक, काळी-तांबडी, आम्ही विहिरीकडच्या खड्ड्यात भर घातली.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सहलीला जाणाऱ्यांनी बूट घाला, कुसळं लागतात. खापर दिसलं तर उचलून घरी आणू नका, जिथे आहे तिथेच दाखवा. आणि तुमच्या गावात असं कडं असेल तर त्या दिवशी सांगून टाका. इतिहासाच्या लोकांना पत्रकापेक्षा असल्या बातमीची भूक जास्त असते.

---

जात्यावरची | ५ जानेवारी, रात्री १०:०२

मी पहिल्यांदाच लिहीत आहे. चुकलं तर सांगा.

गेल्या वर्षी आमच्या गावात एका कॉलेजची पोरं सात दिवसांच्या शिबिराला आली होती. त्यांच्याकडे ओव्या जमवायचं काम होतं. माझ्या सासूबाईंना ओव्या येतात, भुलाबाईची गाणीही येतात, पण ती भादवाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतच म्हणायची असं त्यांचं ठाम मत. म्हणून ओव्या म्हणायचं ठरलं. पोरगी म्हणाली, आजी, एक-दोन मिनिटांची म्हणा. आईंना एकही आठवेना. दोनदा सुरू केलं, दोनदा अडल्या. पोरं एकमेकांकडे पाहू लागली.

मग आईच म्हणाल्या, जातं आना. जातं कोठ्यात, त्यावर गव्हाची पोती. पोरांनी पोती हलवली. जात्याला खुंटा नव्हता. यांनी बाभळीची काडी तासून ठोकली. मूठभर ज्वारी टाकली. हात फिरला आणि तोंड उघडलं. चाळीस मिनिटं थांबल्या नाहीत. फोन उखळावर उभा करून ठेवला होता. मला लग्नाला एकवीस वर्षं झाली, त्यातल्या निम्म्या ओव्या मीही कधी ऐकल्या नव्हत्या. एक त्यांच्या मेलेल्या भावाची होती.

पोरं रडली, पाया पडली, गेली. 'पाठवतो आजी' म्हणाली. ते रेकॉर्डिंग आम्हाला आजपर्यंत मिळालं नाही. आई महिन्यातून एकदा विचारतात, माहं गानं कुठी गेलं वं? मी काय सांगू? माझ्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मी केलं नाही, ती चूक माझी.

अशा कार्यक्रमांना जाऊन विचारता येतं का कुणाला?

---

तासिका_तत्त्व | ५ जानेवारी, रात्री १०:४०

ताई, चूक तुमची नाही. गाणं नेलं की त्याची प्रत आधी गाणाऱ्याच्या घरी, मग प्रकल्पात, हा साधा रिवाज आम्हीच पाळत नाही. बहुधा ती फाइल कुणाच्या तरी फोनमध्ये किंवा विभागाच्या संगणकावर 'नवीन फोल्डर २' नावाने पडली असेल. शिबिराची तारीख, कॉलेजचं नाव आणि आजींचं नाव कागदावर लिहा. प्राचार्यांच्या नावे अर्ज करा, एक प्रत शिबिराच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला. पोच घ्या. तोंडी विचाराल तर 'पाहतो' मिळेल, कागद दिला की शोधावं लागतं. अर्ज कसा लिहायचा ते मी व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

आणि जातं पुन्हा कोठ्यात टाकू नका.

---

पोडावरचा_मास्तर | ६ जानेवारी, सकाळी ६:२०

म्हणींच्या कार्यशाळेला मला जायचं आहे, रजा मिळाली तर. माझ्या शाळेत पहिलीत कोलामाची सात पोरं. घरी कोलामी, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि मधल्या सुट्टीत वऱ्हाडी. कोलामी आणि गोंडी द्रविड कुळातल्या, म्हणजे तेलुगूच्या नात्यातल्या. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. आणि तिकडे जळगाव जामोदच्या बाजूला निहाली आहे, जी कोणत्याच कुळात बसत नाही, बोलणारे जेमतेम दोनेक हजार. तिचं नाव पत्रकात नाही.

माझी शंका एकच. म्हणी मराठीत आणणार, ठीक. मराठीतलं काही कोलामीत नेणार का? मला पहिलीला एक गोष्ट हवी आहे. एकच.

---

काठावरचं_ग्रंथालय | ७ जानेवारी, रात्री ९:३०

मंडळी, तासिका सरांचं ऐकून फोन केला. तीनदा लागला नाही, चौथ्यांदा एका मॅडमनी उचलला. गावाहून येतो म्हटल्यावर आधी त्यांना वाटलं प्रवेशाची चौकशी आहे. मग उलगडा झाला आणि वीस मिनिटं बोलल्या.

ठरलं ते असं. रिद्धपूरचं दुसरं व्याख्यान आणि एकांकिका एकाच दिवशी आहेत, तो दिवस धरला. क्रूझर सांगितली, डिझेल धरून ३,६०० रुपये. बारा जण झालो तर डोई ३००. बायका पाच तयार आहेत, त्यातल्या दोघींनी तर घरी विचारलंही नाही, थेट हो म्हणाल्या. शिळावर्तुळांच्या सहलीला चार पोरं एसटीने जातील. ग्रामगीतेचा परिसंवाद सोडला. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते, एकेचाळीस अध्यायांतलं बरंच म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. त्यांना तिथे नेलं तर वक्त्यांची पंचाईत व्हायची.

वडस्याच्या भाऊंचं म्हणणं मी मॅडमना जसंच्या तसं ऐकवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, कार्यशाळेचा तिसरा दिवस गावात घेता येतो का बघते. तुम्ही मंदिरासमोरचा ओटा, लाइट आणि पंचवीस माणसांचं जेवण देऊ शकाल का? मी हो म्हणून बसलो आहे. आलूभात आणि झुणका-भाकर. आता वर्गणी.

मास्तर, तुमची कोलामीतल्या गोष्टीची मागणी सांगितली. त्यांनी लिहून घेतली. पुढचं तुम्ही भेटून बोला.

क्रूझरमध्ये दोन जागा आहेत.

---

तुरीच्या_शेंगा | ७ जानेवारी, रात्री ९:३४

एक माही. पन साडेबाराले पोचू अशा हिशोबानं काढा गाडी.

---

काठावरचं_ग्रंथालय | ७ जानेवारी, रात्री ९:४१

नाही, अकराला पोचायचं. मी विचारून घेतलं, त्या दिवशी उद्घाटन नाही, सत्कार नाही. माणूस उभा राहणार आणि बोलणार. साडेसातला पुलावर या.

---

जात्यावरची | ७ जानेवारी, रात्री १०:१५

दुसरी जागा आईंना ठेवा. अर्ज दिला, पोच मिळाली. आईंना हे व्याख्यान कशाचं ते नीट सांगितलं, महदाइसेची गाणी म्हणून. त्या म्हणाल्या, खिडकीपाशी बसवशील तं येतो, मले गाडी लागते.